बापूजींनी धुरानं शोधलेला कोपरा

माजरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी डिप्लोमावाला आहे, हे गिऱ्हाइकाला मी तिसऱ्या वाक्याच्या आत सांगतो. बापूजींना तर पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. त्यांनी कोळसा खाणीत तीस वर्षं जमिनीखाली हवा पोचवणारे पंखे सांभाळले.

त्यांची सून दामिनी घरीच व्हिडिओ एडिटिंग करते. वडशाच्या एका नाटक मंडळीला रंगमंचामागच्या मोठ्या स्क्रीनसाठी तिच्याकडून जंगलाचं हलतं दृश्य हवं होतं. पाचपर्यंत मिळालं नाही, तर काम नागपूरला जाणार. म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन तिच्या कॉम्प्युटरमध्ये दुकानातली सगळ्यात वेगवान एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी पट्टी, बसवली. वर आमच्या गावची खबरदारी: कोळशाची धूळ शिरू नये म्हणून कॅबिनेटच्या जाळ्या चिकटपट्टीनं बंद.

दहा मिनिटं मशीन सुसाट. मग एसएसडी नव्वद अंशांवर तापली आणि काम रांगायला लागलं.

"प्रफुलभाऊ, एक वाजला," दामिनी म्हणाली.

"ऊन लय हाय नं, ताई."

"मंग ऊन बदलून द्या."

बापूजी अगरबत्ती पेटवून आले.

"मशीनची पूजा करता का, बापूजी?"

"तुह्या डिप्लोम्याची करतो. सरक."

जाळीपाशी नेलेला धूर सरळ वर गेला. त्यांनी चिकटपट्टी सोलली, पुढच्या जाळीवर जुन्या ओढणीचं पातळ कापड ताणलं. आता धूर आत ओढला गेला, मागून निघाला. फक्त ग्राफिक्स कार्डाखाली तो हलेचना. नेमकी तिथंच माझी एसएसडी!

"खाणीत अशा कोपऱ्यात माणूस मरते, लेका. मोकळ्या वाऱ्यात हे किती तापते?"

"वेग विचारा नं! सेकंदाला बारा हजार एमबी!"

"वेग डब्ब्यावर लिवला हाय. तापते किती?"

मला माहीत नव्हतं. आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं.

मी दुकानातून सात हजार वेगाची, कमी तापणारी एसएसडी आणली, वर उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पट्टी लावली. बापूजींनी धुरानं दाखवलेल्या, वाऱ्यातल्या दुसऱ्या खाचेत ती बसवली. सगळा डेटा तिच्यावर घेतला. दामिनीनं पुन्हा काम चालू केलं.

पन्नास. पंचावन्न. अठ्ठावन्न. तापमान तिथंच थांबलं. मी आ वासून आकडा बघत राहिलो. बापूजींनी आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कॅबिनेटच्या मागून निघणाऱ्या वाऱ्यावर तळहात धरून डोळे मिटून बसले.

पावणेपाचला दामिनी सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, गेली फाइल."

तेव्हा कुठं त्यांनी हात काढला.