भिंगरीचा गुडघा आणि सरांचा घाम

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद दुकान दिसतं. उजळलेले संगणक, कानांवर हेडफोन चढवून बसलेली मुलं. आणि गल्ल्याजवळ, एक पाय स्टुलावर लांब केलेली बाई. ही भिंगरी. एकेकाळी बॅडमिंटनच्या कोर्टवर ती अशी गरागरा फिरायची की तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले. आता ती व्हिडिओ गेमचं दुकान चालवते. मी वरच्या मजल्यावर राहतो. नाटकात काम करणं सुटल्यापासून माझा संध्याकाळचा चहा तिच्याकडेच होतो.

तिचा तो पाय नीट वाकत नाही. तरुणपणी, अंतिम सामन्याच्या सकाळी, तिला शिकवणाऱ्या सरांनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, जिने चढवले. घाम निघाल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही, हे सरांचं ब्रीद. दुपारी कोर्टवर दमलेला गुडघा पिळवटला आणि ती कोसळली. भरल्या हॉलसमोर सर म्हणाले, "हिच्यात जिद्दच नाही." दुखणं तिने सोसलं. ते वाक्य मात्र जपून ठेवलं, नटीने आपल्या प्रवेशाची खूण जपावी तसं.

सर आता क्रीडामंडळाचे अध्यक्ष. संध्याकाळी मंडळाचा हॉल ओस पडतो, तर तिथे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरवू, अशी टूम काही सभासदांनी काढली. सर सभेत कडाडले, की बसल्या जागी बोटं नाचवण्याला खेळ म्हणायचं, तर स्वेटर विणणारी माझी सासूही विश्वविजेती. सगळे हसले. भिंगरीही हसली, आणि मग उठून तिने पैज लावली. सरांच्या बॅडमिंटनच्या मुली विरुद्ध तिच्या दुकानातली मुलं, खेळ पडद्यावरच्या नेमबाजीचा. ती हरली तर हा विषय कायमचा बंद. सर हरले तर ते जुनं वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर मागे घ्यायचं. आपल्या मुली घरी तोच खेळ तासन्‌तास खेळतात, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी मिटक्या मारत होकार दिला.

मुली तयारीच्या आहेत, जपून, असं मी तिला बजावलं.

"माझ्या पोरांपेक्षा चांगल्या आहेत," ती म्हणाली. "पण काका, सामन्याच्या सकाळी सर त्यांना सुखाने बसू देणार नाहीत."

तसंच झालं. सकाळी तिची पोरं हॉलच्या कोपऱ्यात गरम पाण्याच्या पिशव्यांवर हात शेकत, मनगटं फिरवत, डोळे मिटून श्वास सावकाश करत बसली होती. आम्ही विंगेत उभे राहून करायचो तसंच. बाहेर मैदानावर सर मुलींना हात गळून जाईपर्यंत जोर काढायला लावत होते. भिंगरी दारातून ते बघत होती. हात दमतील हे मुलींना जाऊन सांग की, असं मी सुचवलं. त्यावर तिने उलट विचारलं, "मला तेव्हा कोणी सांगितलं होतं?"

सामना सुरू झाला. नेम धरायची लाल फुली मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होती. मुलींची फुली वाऱ्यावरच्या पानासारखी थरथरत होती. डोळा अचूक, डाव अचूक, पण बोटं ऐकेनात. मुली हरल्या. त्यांची कप्तान तोंड लपवून रडू लागली आणि सरांनी तणतणत माइक ओढला.

"यांच्यात जिद्दच नाही."

भिंगरी पाय ओढत मंचावर चढली. आधी तिने गरम पाण्याची पिशवी त्या कप्तान मुलीच्या हातात दिली. मग सरांकडे वळली.

"जिद्द होती, सर. हात दमले होते. माझा गुडघा दमला होता, तसेच. ठरलंय ते बोला आता."

सरांनी माइकपासून तोंड फिरवलं आणि चूक आपली होती, आजही आणि तेव्हाही, असं काहीसं ते पुटपुटले. मी पहिल्या रांगेत होतो, म्हणून मला ऐकू आलं. भिंगरीने माइक उचलला, त्यांच्या हनुवटीखाली धरला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली,

"मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही, सर. पुन्हा म्हणा."