मल्लेश्वरमच्या अक्का

अक्कांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. मानसोपचाराच्या दवाखान्यात आम्ही सगळे मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरून त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "नागपूरची काय गं तू? फोनवर बोलत होतीस त्यावरून वाटलं. माझं बायपोलर. तुझं?" सगळी रांग वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझंही तेच होतं. निदान नुकतंच झालेलं. कधी झोपेशिवाय आठवडाभर अंगात वारं भरल्यासारखं, तर कधी महिनाभर अंथरुणातून उठवत नसे. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या घरात बसून इंटरनेटवर वाचून वाचून मी अर्धमेली झाले होते. अक्का मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातल्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझा फोनच ओढून घेतला. "हा मुळापासून बरं करतो म्हणतोय? बंद कर. ही बाई स्वतः कशी जगते ते लिहिते, औषधाचं डॉक्टरला विचारा म्हणते. हिला वाच."

दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये आमच्यासारखी माणसं जमत. घरचं एक माणूस सोबत आणायचंच, ही अट. "आजार एकाला, गोंधळ सगळ्या घराला," असं त्या म्हणत. माझा नवरा पहिल्यांदा आला तो हाताची घडी घालून कोपऱ्यात बसला. तोवर तो मला फक्त 'पॉझिटिव्ह विचार कर' एवढंच सांगायचा. निघताना त्यानं अक्कांना विचारलं, "हिची झोप कमी झाली तर मी काय करायचं?" त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये रडले.

बरं वाटायला लागल्यावर मी गोळ्या सोडायचं ठरवलं. अक्का उसळल्या. "बरं वाटतंय ते कशामुळे? स्वल्प, थोडी तरी बुद्धी वापर! भांडायचं तर डॉक्टरशी भांड, गोळीशी नको."

स्वतःबद्दलही त्यांनी बजावून ठेवलं होतं. "मी झोपेनाशी झाले, भराभर बोलायला लागले, की माझं काही ऐकायचं नाही. सरळ दवाखान्यात न्यायचं." ती वेळ आलीच. एका रविवारी त्या घर विकून कॉलेज काढायला निघाल्या. डोळे लाल, तोंडाला खळ नाही. मी रिक्षा बोलावली.

"तू कोण मला नेणारी?" त्या ओरडल्या.

"तुम्हीच नेमलेली," मी म्हटलं. आणि त्यांचा हात घट्ट धरला. शिव्या देत देतच त्या रिक्षात बसल्या.

दवाखान्यातून घरी परतल्यावर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी फोन आला. "सरी, ठीक आहे. बरोबर केलंस. पण रिक्षात माझा हात एवढा आवळायला नको होतास."

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीला धारवाडला अर्धांगवायूचा झटका आला. अक्कांनी लगेच बॅग भरली. आम्ही निरोपाला जमलो होतो, तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू तिला सांभाळणार? आधी तुला कोण सांभाळायचं?"

अक्कांनी गोळ्यांचा डबा पर्समध्ये टाकला, चेन ओढली. "मी गोळ्या घेऊन सांभाळीन. तू काहीच न घेता आजवर कुणाला सांभाळलंस, अण्णा?"

अण्णांनी वाकून अक्कांची बॅग उचलली, आणि स्टेशनवर धारवाडची गाडी येईपर्यंत ती खाली ठेवली नाही.