गौरीच्या ताटातल्या चिंबोऱ्या

आमच्या पाड्यावर तेरड्याच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो, तोही चिंबोऱ्यांचा, ओहळातल्या खेकड्यांचा. आणि चिंबोऱ्या म्हटल्या की गोजर. साठी उलटली बाईची, पण भादव्यात ओहळात उतरली की हात बिळात कोपरापर्यंत जातो. बिळाच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या दिसल्या तर आत चिंबोरी, तोंड गुळगुळीत असलं तर लांबडं जनावर, हे तिला लांबूनच कळतं. एक बोट नांगीनं कायमचं वाकडं केलंय. सात घरांच्या गौरी तिच्या टोपलीवर जेवतात, ह्या एका गोष्टीचा तिला ताठा. दुसरं काय होतं तिच्याकडं ताठा करायला?

औंदा रस्त्याच्या मोरीखाली तासाभरात टोपली भरली. एकेक चिंबोरी तळहाताएवढी, फोडली की आत पिवळीधमक. चिखल मात्र काळा, तेलकट, वास मारणारा. वरच्या अंगाला कुणाचं ढोर मेलं असेल, म्हणून तिनं नाक मुरडलं आणि हात घातला.

"गौर पावली गो तुला," शेजारची लडकू म्हणाली. गोजर फुगली.

रस्सा झाला, गौरीला दाखवला, घरोघरी वाटे गेले. मग घरचे जेवायला बसले. नात भूमिका दातानं नांगी फोडत होती, रस्सा कोपरापर्यंत ओघळत होता. तिचा बाप सुरज मात्र वरणभात कालवत बसलेला. हाच सुरज लहानपणी नांगीसाठी बहिणीला चावला होता.

"तुला नको?" गोजरनं विचारलं.

"पोट बरं नाय, आये."

"उपास धरला असंल तुमच्या लेकानं," त्याची बायको प्रियांका हसली.

सुरज हसला नाही. लेकीच्या ताटाकडं बघायचा आणि मान खाली घालायचा. गोजर त्याच्याकडं बघत राहिली. सुरज पलीकडच्या बंगल्यांच्या संडासाच्या टाक्या उपसायच्या गाडीवर ड्रायवर आहे. तिला तो काळा चिखल आठवला.

"गाडी खाली कुठं करतोस रे?"

"शेठ बोलतो, लांब नेली का डिझेल जातं."

"कुठं, ते सांग."

"मोरीत."

"कंदीपासून?"

"पाऊस लागल्यापासून."

प्रियांका उठून अंगणात गेली आणि भडाभडा ओकली.

"सकाळी टोपली बघितलीस ना माझी?"

"बघितली. पण वर्साचा सण, कसं बोलू?"

सण! बंगल्यावाले आठवड्याला दोन दिवस येऊन हगतात, ते आमच्या गौरीच्या ताटात येतं, आणि ज्याला ठाऊक तो सणाचा मान राखून गप बसतो.

गोजरनं भूमिकेचं ताट ओढून घेतलं, तिचे हात पुसले. मग गौरीपुढची मोठी नांगी उचलली आणि सुरजच्या भातावर ठेवली.

"घाण उपसतोस, त्याचं मला काय नाय. कोणाला तरी उपसाय लागतेच. पण पोरगी खात व्हती न् तू बघत बसलास. आता तूबी खा."

"आये..."

"गौरीनं खाल्लं. मी खाल्लं. खा."

त्यानं तोंडात घातली, चावली, गिळता येईना. तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. गोजरनं तीनदा राखेनं हात घासले आणि सगळ्या घरी सांगायला निघाली.

पहिलं घर लडकूचं. ती अजून जेवत होती. "पोटात गेलं ते गेलं. आता सांगून काय बाहेर येणार हाय?" ती म्हणाली. "आपल्या सकुबाईचा नवरा त्या बंगल्यांवरच वॉचमन हाय. बोंब मारू नको." आणि उरलेला रस्सा तिनं भातावर ओतून घेतला. पुढच्या घरांत याहून वेगळं कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाया नाकाला पदर लावून, गाणी म्हणत, मोरीखालीच गौरी बोळवायला गेल्या. गोजरनं आपली गौर डोक्यावर घेतली आणि डोंगरातल्या झऱ्याची वाट धरली. तासभराची चढण, पायाखाली निसरडं. सुरज न बोलावता मागून आला. झऱ्यावर त्यानं गौर घ्यायला हात पुढं केले.

"हात धू आदी."

त्यानं धुतले. तिनं ते उलटसुलट बघितले, आणि गौर आपणच पाण्यात सोडली.