बुजवलेला सांडवा

पावसाचं पाणी जमिनीवरून कुठून कुठं जाईल, हे संगणकावर आधीच मांडून पाहणं हा माझा धंदा. सोलापुरात बसून मी मंगळवेढ्याच्या काळ्या शिवाराचे चढउतार मॉडेलमध्ये भरत होते. तिथं उतारावर मातीच्या ताली घालतात. पाणी अडतं, मुरतं, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. जादा पाणी निघून जावं म्हणून प्रत्येक तालीच्या कडेला दगडी सांडवा ठेवतात. मीही मॉडेलमध्ये प्रत्येक तालीला सांडवा दिला होता. भाऊबंदकी भरायला तिथं रकाना नसतो.

परतीच्या पावसात ऑफिसची जीप घेऊन मोजमापाला गेले, तेव्हा दोन सख्ख्या भावांमधली ताल तुडुंब भरली होती. वरचं रान थोरल्याचं, खालचं धाकट्याचं. थोरल्यानं सांडवा दगडमाती टाकून पार बुजवलेला. आपल्या रानातला थेंबही भावाला मिळता कामा नये, हा हट्ट. सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात ते उगीच नाही. आणि तालीच्या बरोबर खाली, जाळीच्या वाघरीत, धाकट्याच्या नुकत्या व्यालेल्या मेंढ्या कोंडलेल्या. ताल फुटली तर त्या जाणार, हे कळायला मॉडेल लागत नव्हतं. तालीच्या पायथ्यातून गढूळ पाणी पाझरायला लागलं होतं.

धाकटा पहार घेऊन धावत आला. "दादा, सांडवा खोलतू. माजी जित्राबं हायती खाली!"

"हात लावून तर बग. माज्या रानातली वल हाय ती."

"अहो, ताल फुटेल!" मी ओरडले. "मग तुमचंही पाणी जाईल!"

"म्याडम, तुमी गप ऱ्हावा."

धाकट्यानं पहिला दगड उचकटला आणि थोरल्यानं खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. दुसरा घाव हातावर. तिसरा बसायच्या आत मी दांड्याला लोंबकळले, तर त्यानं मला चिखलात भिरकावलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी धाकटा एका हातानं दुसरा दगड ओढत होता. तेवढ्यात तालीला मधोमध खिंडार पडलं. पाणी माती, दगड, बाभळी घेऊन खाली कोसळलं. वाघर एका फटक्यात गुंडाळली गेली आणि जाळीत अडकलेल्या मेंढ्या एकमेकींवर आपटत ओढ्यात गेल्या. त्यांचं ओरडणं फार वेळ चाललं नाही. हेच पाणी सांडव्यातून निमूट गेलं असतं. थोरल्याचा गळा दाबावासा वाटला मला, खोटं कशाला सांगू?

आमच्याच जीपमधून धाकट्याला सोलापूरला आणलं. थोरलाही न विचारता चढला आणि वाटभर भावाच्या डोक्यावर आपला पटका दाबून बसला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?"

"तालीवरनं घसरलो," धाकटा म्हणाला.

"खोटं!" मी किंचाळले. "ह्या माणसानं मारलंय. मेंढ्याही ह्यानंच मारल्या!"

धाकट्यानं न सुजलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, पाण्याचं तुमी बगा. भावाचं मी बगतो की."

थोरला तिथंच फरशीवर बसला आणि ढसाढसा रडू लागला. धाकट्यानं धड असलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला. मेंढ्यांसाठी रडायला मला एकटीला बाहेर जावं लागलं.