‘हर’ म्हणजे कोण

बाईंचा राग नाकावर असतो, असं त्यांच्या वर्गातले सगळेच म्हणत. पण शिकणाऱ्यावर तो कधी निघाला नाही. साठीचा वॉचमन ‘ही’ आणि ‘शी’ची दहाव्यांदा गल्लत करायचा, बाई अकराव्यांदा तितक्याच शांतपणे सांगायच्या. त्यांना राग यायचा तो वर्गाबाहेरच्यांचा. इंग्रजी येत नाही म्हणून माणसाला बँकेच्या खिडकीशी ताटकळत ठेवणाऱ्यांचा, दवाखान्यात त्याच्या डोक्यावरून त्याच्याच आजाराबद्दल बोलणाऱ्यांचा. “भाषा काय यांच्या बापाची आहे?” असं म्हणून त्या फळ्यावर खडू असा टेकवायच्या की त्याचे दोन तुकडे व्हायचे.

बाई शिंप्याची मुलगी. शिवलेले कपडे बांधून द्यायला वडील रद्दीतली इंग्रजी मासिकं आणत. त्यातली चकचकीत पानं, म्हणजे बहुतेक जाहिराती, बाई आधी वाचून काढत आणि मगच कपड्याला गुंडाळायला देत. साबणाच्या, घड्याळांच्या, कोटांच्या जाहिराती वाचत वाचत त्या इंग्रजी शिकल्या. पुढे शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहत. ताई पुढच्या खोलीत मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची आणि बाई रोज दुपारी दोन ते चार एका संस्थेत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या.

वर्गात चौदा जण होते. त्यात एक इस्त्रीवाली होती. एका इमारतीच्या जिन्याखाली तिचं टेबल. सगळे तिला वहिनी म्हणत. तिनं एका गिऱ्हाईकाचा रेशमी सदरा जाळला होता. आत शिवलेल्या चिठ्ठीवर ‘इस्त्री करू नये’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि तिला ते वाचता आलं नव्हतं. त्या गिऱ्हाईकानं जिन्यात सगळ्यांदेखत तिची अक्कल काढली. दुसऱ्या आठवड्यात वहिनी वर्गात हजर. “बाई, मला गप्पा मारायला इंग्रजी नको. मला कपड्याच्या आतलं वाचायचंय.”

पुस्तकातला सहावा धडा कपडे आणि खरेदीचा होता. त्यात एक बाई निळा झगा मागते, दुकानदार हसून दाखवतो, बाई धन्यवाद म्हणते. वॉचमन म्हणाला, “बाई, हे दुकान कुठं आहे ते आधी सांगा, इंग्रजी नंतर शिकू.” वर्ग खळखळून हसला. तेवढ्यात संचालक आत आले. चौकातल्या नव्या कपड्यांच्या दुकानाशी त्यांचं बोलणं झालं होतं. सगळ्या वर्गानं तिथं जायचं, खरेदीची वाक्यं खऱ्या दुकानात बोलायची, दुकानवाले मदत करतील. बाईंना कल्पना आवडली. तेव्हा आवडली, हे त्या पुढे कधी लपवत नसत.

दुकानात गार वारा होता, आरसेच आरसे होते. दाराशी एका मुलीनं पाटीवर लावलेला कागद पुढे केला. “मॅडम, फक्त सह्या.” वर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. बाईंचं लक्ष चौदा जणांवर, कोण काचेच्या दारावर आपटेल यावर. त्यांनी मागे वळून सांगितलं, “हजेरी आहे, सह्या करा.” सगळ्यांनी केल्या. वहिनीनं तर पहिल्यांदाच इंग्रजीत सही केली, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत.

ती कामावरून तशीच आली होती. केस कपाळाला चिकटलेले, बाहीवर चटक्याचा डाग. बाकीचे किमती विचारण्याचा सराव करत होते आणि वहिनी एकेक सदरा उलटा करून आतली चिठ्ठी वाचत होती. “कोमट पाणी,” ती आनंदानं ओरडली, “बाई, हा कोमट पाण्याचा!” तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. “संस्थेसाठी आहे,” तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी वहिनी वर्ग सुरू व्हायच्या अर्धा तास आधी आली. बाई फळा पुसत होत्या. वहिनी पहिल्या बाकावर बसली. मग तिनं विचारलं, “बाई, ‘डोन्ट’ म्हणजे नको करू ना?”

“हो.”

“आणि ‘लाइक हर’ म्हणजे तिच्यासारखं?”

“बरोबर. कुठं वाचलंत?” बाई खूश झाल्या होत्या.

“चौकात. मोठा फलक लावलाय. मी एकटीनं वाचला, कुणाला न विचारता. ‘डोन्ट लुक लाइक हर.’” वहिनी थांबली. “मग बाई, ‘हर’ म्हणजे कोण? तिथं तर माझा फोटो आहे.”

बाई ओला फडका हातात घेऊन तशाच चौकात गेल्या. फलक दोन मजले उंच होता. डावीकडे वहिनी, चिकटलेले केस, डागाची बाही, आणि तोंड उघडं, कारण ती तेव्हा कोमट पाणी म्हणत होती. रंग काढून तिला राखाडी केलं होतं. उजवीकडे एक उंच मुलगी लाल झग्यात. वर ते वाक्य आणि खाली दुकानाचं नाव. वहिनीच्या इमारतीतली माणसं रोज याच रस्त्यानं जात. तिच्या दिरानं तर घरी विचारलं होतं, “वहिनी, आता सही द्यायला पैसे घेणार का?”

चौकातून संस्थेत परत आलेल्या बाईंना संचालकांनी खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

“बाई, सह्या आहेत. त्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, फोटो जाहिरातीत वापरायला हरकत नाही म्हणून. तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका. तुम्ही वाचलं असेलच.”

आयुष्यभर बाई लोकांना सांगत आल्या होत्या, वाचल्याशिवाय सही करू नका. “मी नाही वाचलं,” त्या म्हणाल्या. “ती चूक माझी. पण जे वाचता येत नाही म्हणून माणसं तुमच्याकडे शिकायला येतात, तेच त्यांच्यापुढे सहीला ठेवायचं, ही चूक नाही. ही लबाडी आहे.”

“दुकानानं आपल्याला पंचवीस बाकं दिलीत. जरा समजून घ्या.”

“बाकं परत करा. मी उभ्यानं शिकवीन.”

त्या घरी आल्या तेव्हा ताईनं मशीन थांबवलं. “पाणी पी आधी.”

“नको.”

“मग ओरड तरी. आतल्या आत जळशील.”

“माझ्या तोंडानं सांगितलं गं मी. हजेरी आहे म्हणून.” त्या रात्री बाई जेवल्या नाहीत, आणि सकाळी उठल्या त्या ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग फलकाखाली, फुटपाथवर घेतला. वहिनी यायला तयार नव्हती, पण आली, डोकं खाली घालून. बाईंनी विचारलं, “हा फलक काय विकतो?”

“झगा,” कोणीतरी म्हणालं.

“नीट बघा.”

वॉचमन बराच वेळ मान वर करून बघत होता. “लाज विकतो,” तो म्हणाला. “वहिनींसारखे दिसाल अशी भीती घालतो. झगा नंतर.”

“आणि लाल झगेवालीचा झगा कडक कुणी केला असेल?” वहिनी पहिल्यांदा बोलली. “चुणी बघा त्याची. हातानं केलेली इस्त्री आहे ती. माझ्यासारखीनंच केलीय.”

बाईंनी त्या दिवशी तीन वाक्यं शिकवली. ही मी आहे. मला विचारलं नाही. हे खाली उतरवा. वहिनीनं ती तिसऱ्या वाक्यापाशी अडखळत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, तोंडपाठ केली. मग सगळे दुकानात गेले.

मॅनेजर तरुण होता, आवाज मऊ. तो भराभर इंग्रजीत बोलायला लागला, मुख्य कार्यालय, करार, धोरण. वहिनीनं हात वर केला. “स्लोली, प्लीज,” ती म्हणाली. मग तिनं आपली तीन वाक्यं म्हटली. मॅनेजरनं खांदे उडवले.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “आम्हाला सहावा धडा पुरा करायचाय. तुम्हीच बोलावलं होतं सरावाला.”

आणि चौदा जण दुकानभर पसरले. पुस्तकातल्यासारखी वाक्यं, अगदी नम्रपणे. हा सदरा कुठं शिवला? कुणी शिवला? शिवणारीला किती मिळाले? धुतल्यावर आटतो का? माझ्या मापाचा आहे का? नाही? का नाही? कपडे बदलायच्या खोल्यांपुढे रांग लागली आणि रांगेत सगळे आपलेच. खरी गिऱ्हाइकं बघायची, वहिनीला ओळखायची, मग बाहेरच्या फलकाकडे बघायची. एक म्हातारी हातातला झगा ठेवून निघून गेली. पहारेकऱ्यानं वॉचमनला बाहेर काढायचा प्रयत्न केला. वॉचमन म्हणाला, “अरे, मीही हेच काम करतो. शांतपणे किंमत विचारणाऱ्याला काढायचं कुठल्या नियमात बसतं, सांग.” पहारेकरी हसू दाबत बाजूला झाला.

दुपारी दोन ते चार, सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी फलकावर कोरं कापड ताणलेलं होतं. माफी कुणी मागितली नाही. महिन्याभरात तिथं दुसरी जाहिरात आली, पगारी मॉडेलची, आणि दुकान पूर्वीसारखंच चालू लागलं. संस्थेनं बाईंना पत्र पाठवलं की त्यांच्या सेवेची आता गरज नाही. बाईंनी त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका लाल पेनानं दुरुस्त करून ते परत धाडलं.

वर्ग आता ताईच्या पुढच्या खोलीत भरतो. चौदातले आठ आले. बाकीच्यांना घरच्यांनी सोडलं नाही. वहिनीही पहिला महिनाभर आली नाही. बाई दोनदा तिच्या जिन्याखाली गेल्या. दुसऱ्या वेळी वहिनी इस्त्री न थांबवता म्हणाली, “बाई, तुमच्यावर राग आहे माझा. तुम्ही सही करा म्हणालात.”

“असू द्या,” बाई म्हणाल्या. “तो ठेवा. पण या.”

वहिनी आली. अजून येते. बाईंशी पूर्वीसारखी हसत नाही, पण एकही दिवस चुकवत नाही. आणि बाई? ओळखीचे त्यांना सांगतात, फलक उतरला, आता सोडून द्या. बाई म्हणतात, “फलक उतरला, तो लावणारा नाही उतरला,” आणि वर्गाची वेळ झाली म्हणून त्यांना दाराबाहेर काढतात.