शेवटी राहिलेले डोळे

बोलताना ते कधीच आपल्याकडे बघायचे नाहीत. तुम्ही समोर उभे, आणि ते मान वळवून तुमच्या कानापलीकडच्या लिफ्टच्या दाराकडे बघत तुमच्याशी बोलणार. सिंगापूरमधल्या हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांचं एकच मत होतं, हा जर्मन म्हातारा शिष्ट आहे. माझंही तेच होतं, उगाच खोटं कशाला सांगू?

सातव्या मजल्यावर आमच्या शेजारचाच त्यांचा फ्लॅट. बायको इथलीच, चिनी. ती गेल्यावरही ते इथेच राहिले. आयुष्यभर त्यांनी चर्चसाठी चित्रं काढली. दार कायम उघडं, आत जवसाच्या तेलाचा वास, आणि कुणी उंबऱ्याशी आलं की लगेच त्यांचा तळहात पुढे यायचा. "हात लावू नका. ओलं आहे." चित्रं तर ओली असायचीच, पण खुर्चीबद्दलही ते हेच सांगायचे आणि मी दिलेल्या डब्याबद्दलही.

त्यांच्या चित्रांतले संत आमच्या ब्लॉकमधून आलेले असत. एका चित्रातला सेंट पीटर म्हणजे मार्केटमधला मासेवाला, हे मी स्वतः ओळखलं होतं. विचारलं तर म्हणाले, "संत काय वेगळे दिसतात?" हेही लिफ्टच्या दाराकडे बघतच.

त्यांच्या शिष्टपणाचा माझा समज एका पत्राने मोडला. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून मी दमून परत येत होते, तर ते कॉरिडॉरमध्ये पाकीट घेऊन उभे. "अक्षर फार बारीक आहे, जरा वाचून दाखवता?" डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र होतं. उजवा आधीच गेला होता, आता डाव्याचंही मधलं दिसणं जाणार होतं आणि त्यावर आणखी उपचार नव्हते. मी अडखळत वाचलं. ते शांतपणे म्हणाले, "सरळ बघितलं की मधोमध डाग दिसतो. कडेने बघितलं तर माणूस दिसतो. तुमचं नाक गेली दोन वर्षं मी पाहिलेलं नाही."

मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी त्यांना जबरदस्तीने जेवायला नेलं.

तेव्हा त्यांच्याकडे एक मोठं काम अर्ध्यावर होतं. जवळच्याच एका चर्चसाठी, पुरुषभर उंचीचं लाकडी फळीवरचं चित्र. राजाच्या भीतीने रातोरात देश सोडून निघालेलं येशूचं कुटुंब वाटेत विसावलंय. जोसेफ बोचक्याला टेकून झोपलाय. आई बसलीय, मांडीवर बाळ. सगळं झालं होतं, आईचे डोळे तेवढे राहिले होते. डोळे ते नेहमीच शेवटी करत. आणि आता नेमके तेच त्यांना करता येत नव्हते. शनिवारी फादर चित्र बघायला येणार होते, पुढच्या रविवारी ते वेदीशेजारी लागायचं होतं. "हे शेवटचं," ते म्हणायचे. "हे अपुरं राहिलं तर आधीची सगळी कुणी दुसऱ्याने काढली होती असं मला वाटत राहील."

सोमवारी त्यांनी माझं दार वाजवलं.

"तुमच्या गणपतीचे डोळे कुणी काढले होते?"

मी दरवर्षी घरी शाडूचा छोटा गणपती करते. त्या वर्षी ते प्रसादाला आले होते, आणि मूर्तीच्या बाजूला उभं राहून, नाक जवळजवळ सोंडेला लागेपर्यंत वाकून बराच वेळ बघत होते.

"मीच," मी म्हटलं.

"मग बुधवारी या."

"अंकल, मला जमणार नाही."

माझं माहेर पेणचं. बाबांचा गणपतींचा कारखाना. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं, हे काम बाबांचं एकट्याचं. तिथे दुसऱ्या कुणाचा कुंचला चालत नसे. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हा दार लावून आखणी मी केली. गिऱ्हाईकं येऊन म्हणायची, "डोळे काढावेत तर तुम्हीच!" आणि बाबा मान डोलवायचे. एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अनंत चतुर्दशीला ते सगळे गणपती पाण्यात गेले, आणि मी काही केलं होतं याचा मागमूस उरला नाही. बाबांवर माझं प्रेम होतं. पण तो राग अजून आहे, आणि तो मी लपवणार नाही.

एवढं सगळं मी अंकलना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक. मी फादरना तुमचं नाव सांगेन."

आता मी घाबरले. वेदीशेजारचं चित्र, त्याला हिंदू बाईचा हात लागलेला. फादरनी नको म्हटलं तर? म्हाताऱ्याचं शेवटचं काम माझ्यापायी परत यायचं. "सांगणार असाल तर मी ब्रशला हात लावणार नाही," मी म्हटलं. खोटं बोलणं त्यांना अजिबात जमत नसे. तरी शेवटी म्हणाले, "सांगणार नाही."

बुधवारी मी रजा टाकली. त्यांनी रंग स्वतः कालवले, वासावर आणि बोटांच्या अंदाजावर. मला फक्त विचारायचे, "कॉफीसारखा झाला? दूध घातलेली की काळी?" मग माझ्या पाठीशी उभे राहिले. "खाली. ती झोपलेल्या बाळाकडे बघते आहे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या." त्यांचा श्वास माझ्या मानेवर जाणवत होता.

मी श्वास रोखला. आखणीची रेघ एका दमात ओढायची असते, मध्ये थांबलं की मोडते. डावा डोळा झाला. उजवा झाला. श्वास सोडून मी दोन पावलं मागे सरले आणि चित्राकडे बघितलं.

ती बाळाकडे बघत नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

बाबांची एकच शिकवण, समोर उभ्या माणसाला वाटलं पाहिजे की देव माझ्याकडेच बघतोय. कान अंकलचं ऐकत होते, हात बाबांचं. गणपतीच्या नजरेचे डोळे मी मेरीला देऊन बसले होते.

"झाले?" त्यांनी विचारलं.

"चुकले, अंकल. पुसते." मी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं.

"हात लावू नका! ओलं आहे!" असे ते त्याआधी कधीच ओरडले नव्हते. मग ते चित्राच्या बाजूला गेले, मान वळवली, नाक फळीला लागेपर्यंत वाकले. भिंतीवरचा पंखा फिरत होता. मी फडकं पिळत उभी. शेवटी ते सरळ झाले आणि एवढंच म्हणाले, "कॉफी करा. काळी."

शनिवारी फादर आले. इथलेच, चिनी, तरुण, घाईचे. चित्रासमोर आले आणि थबकले. "अंकल, आधीच्या स्केचमध्ये तर ती बेबीकडे बघत होती, राइट?"

मी दारात उभी होते. अंकल खिडकीकडे बघत होते.

"हो. पण त्यांच्या मागे माणसं लागली आहेत," ते म्हणाले. "बाप झोपलाय, बाळ झोपलंय. कुणीतरी जागं राहायला हवं. येणारा कोण, ते तिला बघायचंय."

फादर डावीकडे सरकले, मग उजवीकडे. "आय्यो, कुठेही जा, बघतेच आहे लाह." मग त्याच इथल्या बोलीत होकार दिला, "कॅन, अंकल. व्हेरी गुड."

माझं नाव निघालं नाही. मीच घातलेली अट होती ती. तरीही घरी येऊन मी भांडी आपटत घासली. मनात म्हटलं, हेही बाबांसारखेच निघाले. त्यानंतर डबा देत राहिले, पण पूर्वीसारखी टेकले नाही. त्यांना ते कळलं असणार. चित्र चर्चमध्ये जायच्या आधी एकदा त्यांनी कागद पुढे केला, "तुमचं नाव तुमच्या लिपीत लिहून द्या. मोठ्ठं." का, ते मी विचारलंही नाही. लिहून दिलं आणि निघून आले.

दिवाळीच्या आधी ते गेले. झोपेतच.

मागच्या महिन्यात चर्चमध्ये भिंतींना रंग देताना ते चित्र उतरवलं, आणि फादरनी मला बोलावून घेतलं. त्यांनी फळी फिरवली. मागच्या बाजूला खाली कोपऱ्यात त्यांची छोटी सही होती. आणि वर, फळीच्या मधोमध, तळहाताएवढ्या वेड्यावाकड्या देवनागरीत माझं नाव. कडेने बघून एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलेलं, तीन ठिकाणी पुसून पुन्हा गिरवलेलं. खाली इंग्रजीत दोनच शब्द: डोळे यांचे.

"हे तुम्ही?" फादरनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसऱ्याच्या नावावर गेलेल्या कामासाठी हे आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं.

मी बोट पुढे नेलं. रंग केव्हाच वाळून खडखडीत झाला होता. तरी हात आपोआप मागे आला.