शेपटी गुण्यात बसवली

हे मी कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, ती जायच्या आधी तिच्या उशाशी दिवसदिवस बसून होतो तेव्हासुद्धा नाही. हल्ली बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की परत बसावंसं. चप्पल घालून दारापर्यंत जातो आणि माघारी येतो. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच नीट ठाऊक नाही.

मी पत्र्याचं काम करणारा माणूस. शाळा चौथीत सोडली. केडगावात दुकान — धान्याच्या कोठ्या, पेट्या, पन्हळी. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं आमचं हत्यार. तो कोपऱ्याला लावायचा, मधून उजेड दिसला तर काम मोडून पुन्हा करायचं, ही माझी रीत. त्याचा मी लई माज केला. दुसऱ्याच्या हातच्या पेट्यांना गिऱ्हाइकासमोर गुण्या लावून त्यांचं हसं केलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं त्यातूनच आलं. का हेही मी आडरस्त्यानं चाललोय?

माझी नात अश्विनी. अकरावीला होती, सायन्सला. प्रदर्शनासाठी तिला लढाऊ विमान करायचं होतं, रडारला न सापडणारं. पत्र्याचं काम तुम्हीच करायचं, म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शेपटीची दोन पाती तिला बाहेर कललेली हवी होती. मी म्हणालो, वाकडी? मी वाकडं काम करत नाही.

ती हसली. शटर ओढून दुकानात अंधार केला. दोन पत्रे गुण्यात जोडून कोपरा केला आणि त्यावर बॅटरी मारली. उजेड सरळ आमच्या डोळ्यात आला. मग उभा पत्रा जरा कलवला — उजेड वर छपराला गेला, पत्रा काळाच राहिला.

"रडार म्हंजे बॅटरीच समजा, आबा. उजेड माघारी आला की विमान घावलं. तुमचा गुण्याच विमान धरून देतो बघा."

मला कळलं. हे नीट ऐका — मला कळलं होतं. अडाणी होतो म्हणून झालं, असं म्हणायला मला जागा नाही.

विमानाच्या मागच्या पत्र्यावर तिनं खडूनं दोन तिरक्या रेघा मारून दिल्या. त्या रेघांवर मी पाती बसवली, रिव्हेट मारले. चांगलं दिसत होतं. तेवढ्यात शेजारचा रंगनाथ तंबाखू मागायला आला. त्यानं विमान उचललं, फिरवून पाहिलं.

"आबा, गुण्या हरवला का? का हात हलाया लागला?"

हात खरंच हलायला लागला होता. त्याच साली. घरी मी कप दोन्ही हातांनी धरायचो, बाजारात चहाच घेत नव्हतो. रंगनाथला सांगता आलं असतं की ही तिरकी अशीच असतात. एवढं एक वाक्य. पण त्यानं ते चहाच्या टपरीवर कसं सांगितलं असतं, ते माझ्या कानात आधीच वाजायला लागलं.

तो गेल्यावर मी रिव्हेट काढले, गुण्या लावला आणि दोन्ही पाती उभी केली. मग ओलं फडकं घेऊन खडू पुसला. पाती उभी करताना रेघा आड येत होत्या का? नव्हत्या येत. मग का पुसल्या?

नगरला जाताना विमान माझ्या धोतरात गुंडाळलेलं होतं. टेम्पो पंक्चर झाला, उशीर झाला, तिनं ते गडबडीत सोडून, न बघताच, आतून काळं कापड लावलेल्या आणि बघायला भोक ठेवलेल्या खोक्यात सरकवलं. परीक्षक समोरच उभे. भोकाला डोळा लावून वाकले. तिनं बॅटरी मारली, आणि उजेड थेट त्यांच्या डोळ्यात. "हे तर लांबनंच दिसतंय की, बाळ," एकजण म्हणाले. पोरं हसली.

तिनं विमान बाहेर काढलं. पाहिलं. माझ्याकडं वळली.

"आबा, मी रेघा तिरक्याच मारल्या हुत्या ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "सरळच मारल्या हुत्यास. मी तुझ्या रेघंवरच बसवलं."

ती भांडली असती तर — पण ती भांडली नाही. आबाच्या हातचं चुकत नाही, हे मीच तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं, जशी ती बोटं दुसऱ्या कुणाची आहेत. पुढच्या वर्षी सायन्स सोडलं. आता पाथर्डीला सासरी आहे, एका ऑफिसात कामाला. कुलूप लावलं की तीनतीनदा ओढून बघते. साधं काही बोलली तरी नवऱ्याला विचारते, मी असंच म्हणाले ना?

परवा आली होती. टीव्हीवर तसलंच विमान दाखवत होते. "बघा आबा, तिरकीच असत्यात," म्हणाली. "मीच रेघा कशा काय सरळ मारल्या, कुणास ठाऊक." आणि हसली. मी कप दोन्ही हातांनी धरला होता. आता सगळ्यांना माहीत आहे हाताचं. कुणी काही म्हणत नाही. रंगनाथ पण नाही.

मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला. तेव्हाही बोललो नाही.

तिनं तिरक्याच मारल्या होत्या. त्या मी पुसल्या.